खुनीच कशाला बदलायचा?

महोदय,

अगाथा ख्रिस्ती यांच्या कथा पडद्यावर आणताना मूळ उलगडाच फिरवला जातो, याचं मनापासून वाईट वाटतं. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने २००४ मध्ये ‘द बॉडी इन द लायब्ररी’ केलं, तेव्हा हेच झालं. १९४२च्या कादंबरीतल्या सगळ्या खुणा मग वायाच जातात.

उलट बीबीसीची १९८५ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही मालिका जरूर पाहावी. गावच्या पेपरात जाहिरात येते, अमुक घरी संध्याकाळी साडेसहाला खून होणार! आणि शेजारीपाजारी झाडून हजर. कादंबरीत आलेला जो तो म्हणतो, ‘हीटिंग लावलंत वाटतं!’ कारण दिवस युद्धानंतरचे, रेशनचे, कोळसा जपून जाळायचे. गावात नव्याने राहायला आलेल्यांचा आगापिछा कुणाला ठाऊक नाही. रहस्य उभं आहे ते यावरच. हा काळ पुसला तर कथेत राम उरत नाही.

त्यात जोन हिक्सन यांनी रंगवलेली मिस मार्पल, म्हणजे या कथांमधली रहस्य उलगडणारी म्हातारी, तर लाजवाब. भपका नाही, आवाज चढवणं नाही; शांतपणे ऐकत राहतात आणि नजरेतून काही सुटत नाही. ही भूमिका त्यांनी करावी, असं खुद्द ख्रिस्तीबाईंनीच त्यांना कित्येक वर्षं आधी लिहिलं होतं. नव्या दिग्दर्शकांनी आधी ही मालिका नीट पाहावी.

– एक वाचक, पुणे