तिसऱ्या अंतऱ्याचं काय करायचं?

प्रिय अव्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आपलं पुराचं गाणं एकाला रेकॉर्ड करायचंय. स्टुडिओ, व्हायोलिनांचा ताफा, सगळं. फक्त तिसरा अंतरा गाळायचा! बोटीतली म्हातारी, तिची शेळी बाहेरच्यांना कळणार नाही म्हणे. आणि चाल जरा 'उचलायची'. अरे, 2019 च्या ऑगस्टमध्ये पूरग्रस्तांच्या त्या शाळेत वीज नव्हती, पेटी पाण्यात गेलेली, म्हणून टाळ्यांवर बांधली होती. सगळ्या वर्गांतल्या माणसांना लगेच म्हणता यावी म्हणून पंचमाच्या वर गेलोच नाही. तुला तो अंतरा पहिला हवा होता, मला तिसरा. त्या पुरातही तू रुसून बसलास!

त्यानं अंतरा गाळायला सांगितल्यापासून डोक्यात गीतरामायण घोळतंय. पुणे आकाशवाणी, रामनवमी, 1 एप्रिल 1955. पहिल्याच गाण्याचा कागद गायब. कवी माडगूळकर म्हणतात दिला, चाल लावणारे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, म्हणतात मिळालाच नाही. (अगदी आपण दोघं!) शेवटी आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी कवीला खोलीत कोंडून 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' पुन्हा लिहून घेतलं. पुढे आठवड्याला एक गाणं, आणि त्या वर्षी अधिक मास आला म्हणून 52 ची 56 झाली. पंचांगानं चार गाणी दिली बघ. ती रेडिओची घाई संपली, तरी पुढे बाबूजी मोजक्या साथीवर गायला बसले की सभागृहं भरायची. का टिकलं? मला वाटतं, त्यातलं प्रत्येक गाणं अमुक माणसानं अमुक प्रसंगी म्हटलेलं आहे, म्हणून. कुणाचंही, कुठलंही असं त्यात काही नाही. मग आपली म्हातारी काढून राहील काय? 'पूर आला' एवढंच. ते तर पेपरात येतं.

व्हायोलिनं चालतील मला. चाल उचलणं नाही, आणि म्हातारी उतरवणं तर नाहीच.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं दुकान चाललंय ना? चिनूचे मार्क कळव.

शब्द तुझे, तेव्हा नाही म्हणायचा हक्कही तुझा. तो रविवारी येतोय, त्याआधी फोन कर. आणि तुझ्या वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव, माझ्या कागदावरची दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ पुसलीये.

तुझा,
बंडू