नोकरी गेली, नोंदीत मात्र मी ‘रजेवर’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सात वर्षं क्वालिटीला होते. पगार १८,००० रुपये. स्लिपवर दर महिन्याला ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १३५ रुपये कापलेले दिसायचे, म्हणजे पाऊण टक्का. कंपनीचे सव्वातीन टक्के वेगळे. आम्हा बायकांचा समज असा की हे पैसे दवाखान्याचे. औषधाची रांग आणि बाळंतपणाची रजा, त्यापलीकडे त्या विम्याच्या कार्डाबद्दल आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. नोकरी गेली तर याच कार्डावर काही दिवस पैसे मिळतात, हे मला नोकरी गेल्यावर कळलं, तेही शेजारच्या रिक्षावाल्या भाऊंकडून.

गेल्या वर्षीच्या आदल्या नोव्हेंबरात दुसरी पाळी सुटताना सुपरवायझरचा मेसेज आला, ‘तुम्ही अकरा जणी उद्यापासून येऊ नका, ब्रेक आहे.’ आमच्याकडे कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात. तो किती दिवसांचा, हे विचारायची पद्धत नाही. आठवडाभराने एचआरने ‘फुल अँड फायनल’साठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, बोलावलं आणि छापील राजीनामा पुढे सरकवला. मी सही केली नाही. शूरपणा वगैरे काही नाही. चष्मा घरी राहिला होता आणि न वाचता सही करायची नाही ही वडिलांची शिकवण. तो चष्मा विसरला नसता तर माझं जाणं माझ्याच मर्जीचं ठरलं असतं आणि हे पत्र लिहायचं कारणच उरलं नसतं.

नोकरी गेल्यावर ईएसआयकडून पैसे देणाऱ्या या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू झाली. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं आणि अर्ज जुन्या मालकामार्फत जायचा. २०२० मध्ये करोनाच्या काळात हे सैल केलं: ५० टक्के, ३० दिवसांनी, आणि अर्ज कामगाराने थेट करायचा. मिळतं आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचं. दोन वर्षांची नोकरी हवी, आणि काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, शिवाय त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. माझा हिशेब मी वहीत मांडला होता. दोन वर्षांची कमाई ४,३२,००० भागिले ७३०, रोजचे ५९२, त्याचे निम्मे २९६. नव्वद दिवसांचे २६,६०० च्या आसपास. मुलाची कॉलेजची फी त्यात बसत होती.

मालकाची सही लागत नाही म्हटल्यावर मला वाटलं, आता सगळं आपल्या हातात. जानेवारीत ऑनलाइन अर्ज भरला, प्रतिज्ञापत्र नोटरी केलं, आधार आणि पासबुकच्या झेरॉक्स जोडून दिल्या. तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर. ईएसआयच्या कार्यालयात विचारायला गेले तर खिडकीवरच्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डिसेंबर: दिवस शून्य, पगार शून्य, कारण ‘रजेवर’. “तुम्ही बेरोजगार नाहीच आहात हो, रजेवर आहात,” त्या म्हणाल्या. त्यात चेष्टा नव्हती. त्यांनीच मला मग समजावलं की वर्गणी भरताना ज्याचे दिवस शून्य येतात त्याच्यापुढे कंपनीला एक कारण निवडावं लागतं. रजेवर, नोकरी सोडली, छाटणी, संप, अशी यादी असते. कंपनीतला कुणीतरी त्यातला एक आकडा टाकतो आणि पुढच्या ओळीवर जातो.

संपादक महोदय, माझं काम गेजने, म्हणजे माप तपासायच्या साधनाने, बुश तपासायचं होतं. बुश म्हणजे मधे भोक असलेला सुटा भाग. गेजची एक बाजू ‘गो’, दुसरी ‘नो-गो’. ‘नो-गो’ बाजू भोकात शिरली की माल रिजेक्ट. पण लाल पेटीत टाकण्याआधी टॅगवर लिहावं लागायचं: कुठलं माप, कितीने जास्त, कुणी तपासलं. टॅग नसलेला बुश पेटीत सापडला तर मलाच बोलणी. आणि ज्याच्या मशीनवर तो बुश निघाला, त्याला स्वतःच्या मालाचा निकाल लावायची मुभा नव्हती. माझ्या अर्जाचं माप मात्र नेमकं त्याच्याच हातात होतं, ज्याने मला काढलं.

एचआरला तीन फोन केले. पहिल्यांदा ‘बघतो’, दुसऱ्यांदा ‘कंत्राटदाराला विचारा’, तिसऱ्यांदा उचललाच नाही. आमच्या नोंदी भरणारा कंत्राटदार म्हणाला, ‘छाटणी’ टाकली की मागून प्रश्न येतात, म्हणून सगळ्यांना ‘रजेवर’च टाकतो. इतक्या सरळपणे सांगितलं की मला क्षणभर पटलंसुद्धा.

मग मी कागद गोळा केले. सुपरवायझरच्या मेसेजची प्रिंट, शेवटच्या दोन वर्षांच्या स्लिपा, पगार जमा व्हायचा थांबला ते दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, आणि कार्डाच्या नंबरावर लॉगिन करून काढलेला वर्गणीचा तक्ता. फेरविचाराचा अर्ज हाताने लिहिला, दीड पान. झेरॉक्सवर पोच घेतली, शिक्का आणि तारखेसकट. ही पोच नसती तर पुढच्या खेपेला ‘अर्ज मिळालाच नाही’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिनाभर हालचाल नाही, तेव्हा मुलाने केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, तक्रार टाकली आणि तिचा नंबर घेऊन मी पुन्हा खिडकीशी गेले. त्याहीपुढे जायचं तर तेव्हाच्या १९४८ च्या ईएसआय कायद्याने कामगार विमा न्यायालय ठेवलेलं होतं, हे एका युनियनवाल्या काकांनी सांगितलं होतं. ती वेळ आली नाही. कंपनीकडे विचारणा गेली आणि ‘रजेवर’चं ‘छाटणी’ झालं.

मंजुरीनंतरही पैसे एकदा परत गेले. ती चूक माझी. बँकेच्या विलीनीकरणात शाखेचा आयएफएससी बदलला होता आणि मी जुन्या पासबुकाची झेरॉक्स लावली होती. त्यात आणखी पाच आठवडे गेले. पैसे जमा झाल्याचा मेसेज जूनमध्ये आला, नोकरी जाऊन सात महिने झाल्यावर. फी तोपर्यंत मंगळसूत्र गहाण ठेवून भरली होती.

रक्कम कमी आहे की पुरेशी, हा वाद मला घालायचा नाही. माझं मागणं लहान आहे. वर्गणी भरली की मोबाईलवर मेसेज पाठवता येत असेल, तर कंपनीने शून्य दिवसांपुढे कारण टाकलं की ते कारणही त्याच कामगाराला मराठीत कळवावं, आणि चुकीचं असेल तर हरकत घ्यायला पंधरा दिवस द्यावेत. मला डिसेंबरची नोंद डिसेंबरातच दिसली असती तर जानेवारीचा अर्ज नामंजूर व्हायच्या आत दुरुस्तीमागे लागता आलं असतं. दुसरं, अर्जासोबत कामावरून काढल्याचा किंवा पगार थांबल्याचा पुरावा असेल तर कंपनीच्या नोंदीआधी तो वाचला जावा.

आम्ही अकरा जणी होतो. चौघींनी राजीनाम्यावर सही केली होती. एकीला प्रत्येक कंत्राटदाराने विम्याचा नवा नंबर काढून दिला होता, त्यामुळे नऊ वर्षं काम करून तिच्या चालू नंबरावर दोन वर्षंही भरत नाहीत. माझे कागद बघून तिघींनी अर्ज केले. उरलेल्या दोघींचा तक्ता परवा मी माझ्या मोबाईलवर उघडून दिला. दोघींच्याही नावापुढे अजून ‘रजेवर’ आहे.

आपली,
एक विमाधारक कामगार
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. दोघींचे अर्ज अजून जायचे आहेत.)