गॅलिलिओ कोणत्या तासाला शिकवावा?

महोदय,
मी ३० वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. गॅलिलिओ म्हणजे दुर्बीण आणि गुरूचे चंद्र, एवढ्यावर तास संपवत असे, याची आता खंत वाटते. १६३२ चा त्याचा ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियनमध्ये आहे. तोही तिघांच्या चार दिवस चाललेल्या संवादाच्या रूपात. म्हणजे घाट साहित्याचाच! पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताची बाजू त्यात घेतली म्हणून पुढच्याच वर्षी खटला, ग्रंथावर बंदी, मरेपर्यंत नजरकैद. त्या नजरकैदेतल्या म्हाताऱ्याला इंग्रज कवी मिल्टन भेटला. पार्लमेंटने छपाईआधी परवाना सक्तीचा केला, तेव्हा १६४४ मध्ये त्याने विरोधात पत्रक काढले आणि त्या भेटीचा दाखला दिला. पुढे १६६७ च्या महाकाव्यात सैतानाच्या ढालीला त्याने उपमा दिली ती दुर्बिणीतून दिसणाऱ्या चंद्राची. (तोवर मिल्टनची दृष्टी गेली होती, गॅलिलिओही अखेरीस आंधळा झाला होता. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले.)

विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र आणि भाषेच्या शिक्षकांनी वर्षातून निदान एक तास मिळून घ्यावा, ही कळकळीची विनंती. मी आज वर्गात असते, तर सुरुवात त्या ढालीपासून केली असती.

– एक निवृत्त शिक्षिका