वैशे, ह्या फॉर्मवर सही करू का?

लॉस एंजेलिस
शनिवार रात्र

प्रिय वैशे,

तुझा निरोप मिळाला. पण मला जे सांगायचंय ते दोन ओळींच्या मेसेजात मावणारं नाही, म्हणून हे पत्र. आधी नेहमीचं उरकते. तब्येत ठीक. थायरॉइडची गोळी चालू, जिने चढताना गुडघा दुखतो, ह्यांची शुगर आटोक्यात.

आता खरं काय ते. माझ्यासमोर टेबलावर एक फॉर्म पडलाय आणि त्यावर सही करायची की नाही ते ठरत नाहीये. हे तुलाच का लिहितेय ते कळायला राजारामपुरीतला तो फोटो स्टुडिओ आठव. ताईला विचारलं तर ती म्हणेल, ह्या वयात कसले फोटो काढून घेतेस. इथल्या मैत्रिणी म्हणतील, सही कर आणि पैसे घे. दोघींनाही माझी अडचण कुठं आहे ते दिसणार नाही.

तर मागच्या आठवड्यात मी व्हॅम्पिराच्या, म्हणजे जुन्या टीव्हीवरच्या त्या भयपटवाल्या बाईच्या, थडग्याशी उभी होते. हो, तीच, जिच्याबद्दल बोलून बोलून मी तुझे कान किटवलेत. अंगात काळा झगा आणि त्यावरून गळ्यापासून कमरेपर्यंत चांदीच्या साखळ्या. दागिने त्याच बाईचे, जिच्यासाठी मी अधूनमधून मॉडेलिंग करते. तिला चाळिशी ओलांडलेल्याच बायका हव्या असतात. तरण्या पोरींच्या अंगावर हे वटवाघळं-शवपेट्यांचे गॉथिक दागिने खेळण्यातले वाटतात असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

काम बघशील तर खूश होशील. गळ्यात रुंद पट्टा, त्यातून सुटलेल्या साखळ्या बरगड्यांवरून उतरत खाली कमरपट्ट्याला मिळतात, आणि पाठीवर वटवाघळाच्या आकाराचा फासा. चांदी गंधकाच्या द्रावणात काळी केलेली, वरचे उठाव तेवढे घासून उजळलेले. नाकाच्या पडद्याला चिमटीनं बसणारी बुलाक. आणि कानाच्या वरच्या कडेला एवढीशी शवपेटी, ती तर माझ्या बुगडीच्या भोकातच बसली! आजीनं ते टोचायला नेलं तेव्हा तू माझा हात धरायला म्हणून आली होतीस, आणि सोनाराच्या ओट्यावर भोवळ येऊन पडलीस तूच. भोक माझ्या कानाला आणि साखरपाणी तुला.

अंगावर चढवण्याआधी मी एकेका कडीच्या जोडावरून नख फिरवलं, तुझे अण्णा फिरवायचे तसं. एका ठिकाणी नख अडकलं. झाळ कच्ची राहिली होती. बाईला दाखवलं तर ती बघतच राहिली, म्हणाली, हे कुठं शिकलीस? मी सांगितलं, आमच्याकडे हुपरी नावाचं गाव आहे, तिथं घराघरात चांदी घडते, आणि माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या पेढीवर बसून आम्ही घुंगरं मोजलीत. अण्णांना हे नक्की सांग.

जागा कशी आहे तेही सांगते, कारण तुझ्या डोळ्यासमोर आपलं पंचगंगेकाठचं स्मशान येणार. हॉलिवूड फॉरेव्हर नावाची ही दफनभूमी १८९९ सालची. सांता मोनिका बुलेवार्डवर, मागच्या अंगाला पॅरामाउंट स्टुडिओची भिंत. भीती वाटावी असं काही नाही. उन्हाळ्यात तिथल्या हिरवळीवर सिनेमे दाखवतात, लोक चटया आणि डबे घेऊन येतात. ऑक्टोबरअखेर मेक्सिकन लोकांचा मृतांचा सण तिथं मोठा होतो, त्याच्या तयारीला आत्ताच झेंडू येऊन पडलाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात जसा वास असतो तसा वास, वैशे, आणि मी अंगावर शवपेट्या लेवून त्यात उभी. आवारात मोर आहेत. मधेच एक झाडामागून असा काही ओरडला की रिफ्लेक्टर धरणारा पोरगा तो टाकून पळाला. व्हॅम्पिराचा कार्यक्रम तिच्या किंचाळीनंच सुरू व्हायचा ना, त्यामुळे सगळे म्हणाले, बाई आल्या.

फोटो मात्र रीतसर परवानगी काढून घेतले, आणि मी दगडावर पाय ठेवला नाही की टेकले नाही. तिथं मायला नुर्मी हे तिचं खरं नाव आहे आणि व्हॅम्पिराही आहे. मी आधी फुलं ठेवली, हात जोडले, मग कॅमेऱ्यापुढे उभी राहिले. त्यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती बाई स्वतः मॉडेल होती, स्वतः दागिने करायची. टीव्ही सुटल्यावर साठच्या दशकात तिनं मेलरोझ अ‍ॅव्हेन्यूवर ‘व्हॅम्पिराज अ‍ॅटिक’ नावाचं दुकान काढलं होतं. जुन्या वस्तू आणि हातानं केलेले दागिने विकायची. तिच्या थडग्याशी चांदी घालून उभं राहण्यात मला मान वाटला.

घोटाळा नंतर झाला. दोन दिवसांनी बाईनं निवडलेले फोटो पाठवले. पहिले चांगलेच होते. एकात तर साखळीची सावली बरगडीवर अशी पडलीय की फ्रेम करावी. मग शेवटचा उघडला. काळे केस, वर चढवलेल्या कमानदार भुवया, कंबर मुठीत मावेल एवढी. साखळ्या माझ्याच, ती कच्च्या झाळेची कडीसुद्धा जागेवर. हात माझे, करंगळीवरचा भाजल्याचा डाग माझा. आणि चेहरा तिचा. व्हॅम्पिराचा. कॉम्प्युटरनं माझ्या मानेवर बसवलेला.

सोबत हा फॉर्म. माझे फोटो कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत, हवे ते बदल करून वापरायला माझी हरकत नाही, असं त्यात म्हटलंय.

बाई वाईट नाही गं. तिच्या कामाच्या टेबलावर व्हॅम्पिराचा फोटो असतो, ती हे भक्तीनं करते. मी फोन केला तर म्हणाली, ती गेली २००८ साली, तिला आता काय फरक पडतो, उलट लोकांना ती आठवेल. मला फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून जे बोलायचं होतं ते तुझ्याजवळ मांडतेय.

तिला फरक पडत होता. जिवंतपणी सगळ्यात जास्त पडत होता तो ह्याच गोष्टीचा. १९५४ साली केएबीसी वाहिनीवर तिचा कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री उशिरा धुरातून चालत यायची, किंचाळायची, आणि मग जुने भुताटकीचे सिनेमे दाखवायची. पहिली भयपट-निवेदिका म्हणून आज तिचं नाव घेतात. कल्पना सुचली चार्ल्स अ‍ॅडम्सच्या व्यंगचित्रातल्या काळ्या झग्यातल्या बाईवरून. पण ती जशीच्या तशी उचलायची नाही म्हणून तिनं आपली वेगळी केली. ती कंबर तिनं स्वतः आवळली होती. प्रसारण थेट असायचं, त्यामुळे आज त्यातले तुकडेच शिल्लक आहेत. १९५५ मध्ये कार्यक्रम बंद झाला, पण व्हॅम्पिरा ह्या पात्राचे हक्क तिनं सोडले नाहीत. पोटासाठी पुढं लोकांच्या घरात लिनोलियमची फरशी बसवली, हक्क विकले नाहीत. मग १९८१ मध्ये टीव्हीवर एल्विरा नावाची दुसरी निवेदिका आली. काळा झगा, काळे केस, जुने भयपट, सगळं त्याच वळणाचं. मायला कोर्टात गेली आणि हरली. कोर्टाचं म्हणणं असं की नुसतं सारखं दिसणं पुरेसं नाही, प्रत्यक्ष त्या माणसाचीच छबी वापरलेली असली पाहिजे.

आता बघ. एल्विरानं जे केलं नव्हतं, ते ह्या फोटोत झालंय. इथं सारखं दिसणं नाही, तिचाच चेहरा आहे.

आणि मेल्यावर चेहरा कुणाचा, हाही वाद ह्याच राज्यात होऊन गेलाय. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी, जो कल्व्हर सिटीतल्या दफनभूमीत ड्रॅक्युलाच्या झग्यासकट पुरलाय, त्याच्या बायकोनं आणि मुलानं युनिव्हर्सल स्टुडिओवर दावा लावला होता, कारण त्याच्या चेहऱ्याच्या वस्तू स्टुडिओ विकू देत होता. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क माणसाबरोबर जातो, वारसांना मिळत नाही. त्यावर ओरड झाली आणि १९८५ पासून कायदाच बदलला. आधी मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क वारसांकडे, पुढं ती ७० झाली. म्हणजे बाईला मी हे सांगणं तिच्याही भल्याचं आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते.

आता तुझा फोटो. पासपोर्ट साइजचे काढायला गेलीस, आणि स्टुडिओवाला म्हणाला एक साडीतला काढू, पैसे नकोत. मग एक दिवस तो दोन फूट उंच होऊन काचेत लागला. ओठ लाल केलेले, गालावर तीळ काढलेला. अण्णा सायकलवरून जाताना थांबले, काचेसमोर उभे राहिले, आत गेले नाहीत, आणि घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हणाले होते, छान दिसतेस की गं, राहू दे. त्यावर तू गॅदरिंगपर्यंत माझ्याशी अबोला धरलास, आणि माझ्या वाट्याचा डब्यातला मोहनथाळ मंगीला द्यायला लागलीस, हे मी अजून विसरलेली नाही. दिसत तू छानच होतीस, ह्यावर मी ठाम आहे. पण तेव्हा तू एक वाक्य म्हणाली होतीस: तो तीळ माझा नाही. काका फोटो उतरवायला गेले तेव्हा तू त्यांना सांगितलंस की पैसे नकोत, माफी नको, तीळ पुसा नाहीतर काच रिकामी करा. ते वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात फिरतंय.

कारण त्या फोटोत ती कंबर माझी नाही आणि तो चेहराही माझा नाही. मी सही केली तर मायलाचा चेहरा वापरायला माझं अंग मी दिलेलं असेल, आणि तिला तर कुणी विचारलेलंच नाही. वर ‘हवे ते बदल’ म्हणजे उद्या माझा चेहरा आणखी कुणाच्या अंगावर बसेल. मी हे काम आवडीनं करते, वैशे. आपली आई-आजी अंगभर लेवून कधी आरशासमोरसुद्धा निवांत उभ्या राहिल्या नाहीत. मला ह्या वयात पाठ ताठ करून, चांदीचं वजन खांद्यावर घेऊन उभं राहायला मिळतं आणि त्या वेळी मी मलाच फार आवडते. ते माझ्याच चेहऱ्यानं व्हावं, एवढंच मागणं आहे.

पैसे हवे आहेत, हे खोटं कशाला बोलू. चिन्मयची फी जानेवारीत भरायची आहे. आणि बाई दुखावली तर पुढची कामं जातील, ही धाकधूक आहेच.

तरी लिहिता लिहिता माझं असं होत आलंय: ‘हवे ते बदल’ ही ओळ खोडायची. कायमस्वरूपीच्या जागी दोन वर्षं लिहायचं. शेवटचा फोटो तिनं काढून टाकायचा, बाकीचे खुशाल वापरायचे, आणि खाली लिहायचं की दागिने व्हॅम्पिराच्या आठवणीत घडवलेत. एवढं मान्य असेल तर सही. नसेल तर दिवसाची मजुरी घ्यायची आणि रामराम म्हणायचं. तुला हे बरोबर वाटतं का ते सांग. माझा भित्रेपणा तुला आवाजावरून कळतो, म्हणून लिहू नकोस, फोनच कर. इथं सोमवारी सकाळी नऊला ती फॉर्म मागणार, तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. त्याआधी कधीही.

तुझं काय चाललंय? अण्णांच्या डोळ्याची पट्टी निघाली का? सईला सायन्स नको असेल तर बळजबरी करू नका, आणि हे मी सांगितलं म्हणून भाऊजींशी भांडू नकोस. नवीन भट्टीचं लायसन्स झालं की कळव. मंगी भेटली तर मोहनथाळाचा हिशेब बाकी आहे म्हणावं.

तुझी,
माधी

ता. क. अण्णांना एक विचारायचंय. काळी केलेली चांदी घामानं पाठीकडच्या बाजूला चट्ट्यासारखी फिकी पडलीय. बाई म्हणते साबणाच्या पाण्यानं धू आणि पुन्हा द्रावणात बुडवू. मला वाटतं आधी ती कच्ची झाळ पक्की करून घ्यावी, नाहीतर सगळं दोनदा करावं लागेल. अण्णा काय म्हणतात?