ताई, त्या पहिल्या पानासाठी

प्रिय ताई,

तुम्ही निवृत्त झालात हे परवा कळलं आणि सात वर्षं मनात घोळणारं हे पत्र लिहायला बसले.

दत्तक घेतलेली लेक घरी यायच्या आधीच्या आपल्या शेवटच्या भेटीत मी म्हणाले होते, "हिच्या आईने हिला टाकलं, पण आम्ही काही कमी पडू देणार नाही." तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. "'टाकलं' हा शब्द घरी नेऊ नका. तिला सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं बाळ सोपवलं. आपल्याला एवढंच माहीत आहे." मला रागच आला. ज्या बाईला कधी पाहिलंही नाही, तिची बाजू तुम्ही का घेताय? ती माझ्या लेकीचीच बाजू होती, हे फार उशिरा कळलं. आईला नावं ठेवली की ती लेकीच्या अंगाला लागतात.

मग मी दुसरं टोक गाठलं. "तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं, म्हणून तिनं तुला आम्हाला दिलं," असं सांगायचं ठरवलं. तुम्ही तेही अडवलंत. "उद्या तुम्ही 'माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे' म्हणालात, की तिच्या पोटात गोळा येईल." हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

आठवणींच्या वहीची सुरुवात मी ती घरी आली त्या दिवसाच्या फोटोने केली होती. तुम्ही म्हणालात, "हिचं आयुष्य या दिवशी सुरू झालं नाही." त्या फोटोआधी एक कोरं पान चिकटवायला लावलंत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात, शक्य असेल तिथवर आपले आईवडील कोण हे जाणून घेण्याचा हक्क मुलाला दिलाय, हेही तेव्हाच सांगितलंत. त्या पानावर जन्माची वेळ, वजन आणि तिच्या आईने ठेवलेलं नाव आहे. कागदपत्रांत होतं तेवढंच. पदरचं काही घालू नका, अशी तुमची ताकीद होती.

नातेवाईक अजूनही "खरी आई" म्हणतात. मी दर वेळी "जन्मदात्री" असं सुधारते. कंटाळा येतो, पण सुधारते.

गेल्या महिन्यात वेणी घालताना लेकीने आरशात बघत विचारलं, "माझ्या कपाळावरचा भोवरा, जिच्या पोटात मी होते त्या आईचा असेल का?" माझा हात थांबला. पूर्वीची मी असते तर विषय बदलला असता. "असेलही. मला माहीत नाही गं. पण तुझे केस विंचरताना मलाही तिची आठवण येते," मी म्हणाले.

ती उठली, वही घेऊन आली, पहिलं पान उघडलं. "इथे लिही, भोवरा." मी पेन उचललं, तर म्हणाली, "पेन्सिलीने लिही. नक्की कळलं की मग पेनाने गिरवू."

तुमची कृतज्ञ