घरचं मैदान नसलेला संघ

मॉरिसविल, नॉर्थ कॅरोलिना
ऑगस्ट २०२५

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी नेहमीचं उरकून टाकतो. तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, वजन कमी झालेलं नाही. फोटोत वाळलेला दिसतो तो कॅमेऱ्याचा दोष. ऑफिसात काहींना काढलं हे खरं आहे, पण आमच्या टीमला हात लागलेला नाही. आणि आई, टीव्हीवर दाखवतात तो गोळीबार दर वेळी माझ्याच गल्लीत झालेला नसतो. देश केवढा मोठा आहे! इथं रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, त्रास असलाच तर तेवढाच.

आता अण्णा, तुमचा मुद्दा. "तिकडं जाऊन पोरगं क्रिकेट विसरलं" असं तुम्ही ताईजवळ म्हणालात आणि ताईनं ते तिखटमीठ लावून मला सांगितलं. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून हे लिहितोय. आत्याला वाचून दाखवलंत तरी हरकत नाही, शेवटचं पान तेवढं सोडा.

विसरायचा प्रश्नच कुठं येतो? माझ्या घरापासून दहा मिनिटांवर चर्च स्ट्रीट पार्क आहे. गावच्या नगरपालिकेचंच मैदान म्हणा ना. चांगली हिरवळ, पलीकडं पाइनची झाडं आणि डोक्यावरून विमानतळाकडं उतरणारी विमानं. २०२३ च्या जुलैत मेजर लीग क्रिकेट ही इथली टी-ट्वेंटी स्पर्धा सुरू झाली तेव्हा सामने दोनच ठिकाणी ठेवले होते. एक टेक्सासमधलं ग्रँड प्रेरी आणि दुसरं आमचं हे. ग्रँड प्रेरीचं स्टेडियम मुळात बेसबॉलचं, ते मोडून क्रिकेटचं केलंय. आमच्याकडं मात्र तात्पुरते स्टँड उभारले आणि जागा उरली तिथं लोक बसले.

संघ सहा. न्यूयॉर्क, टेक्सास आणि लॉस एंजेलिस हे आपल्या मुंबई, चेन्नई, कोलकातावाल्या मालकांचे. सिएटलमध्ये दिल्लीवाल्यांची भागी. राहिले सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन. त्यांच्या पाठीशी आयपीएलमधलं कुणी नाही. त्यांनी हात धरला तो ऑस्ट्रेलियातल्या राज्यांच्या क्रिकेट मंडळांचा, एकानं व्हिक्टोरियाचा आणि वॉशिंग्टननं न्यू साउथ वेल्सचा. वॉशिंग्टन फ्रीडम असं पूर्ण नाव, मालक संजय गोविल. मी ह्यांच्या बाजूचा. बंटी मुंबईवाल्यांचा, तो चिडेल, पण मामानं काय करायचं ते मामा ठरवणार.

गंमत अशी की वॉशिंग्टनच्या ह्या संघानं वॉशिंग्टनमध्ये एकही सामना खेळलेला नाही. तिथं मैदानच नाही. पहिल्या दोन मोसमांत ते आमच्याकडं आणि टेक्सासमध्येच खेळले. वॉशिंग्टन इथून गाडीनं चार-साडेचार तास, म्हणून आम्हीच त्यांना आपलं मानलं. परगावचं पोरगं शिकायला येऊन आपल्या घरी जेवायला लागावं, तसं काहीसं झालं.

खेळाडूंची वाटणी कशी झाली ते तुम्हाला आवडेल. परदेशी नावं संघांनी परस्पर करार करून घेतली. इथल्या खेळाडूंचा मात्र लिलाव न करता ड्राफ्ट केला, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. १९ मार्च २०२३ ला ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात हा कार्यक्रम झाला. पहिलं नाव कुणाचं पुकारलं असेल? हरमीत सिंगचं. आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकीवाला, २०१२ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघातला. "ह्याचं पुढं काय झालं?" म्हणून तुम्ही विचारायचात ना, त्याचं हे झालं. त्याला सिएटलनं नेलं. आणि आमच्या वॉशिंग्टनकडं आला सौरभ नेत्रावळकर.

नेत्रावळकरची ओळख आता तुम्हाला करून द्यायला नको. गेल्या वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर त्यानंच टाकली आणि पुढच्या सामन्यात कोहली आणि रोहित दोघांनाही काढलं. तेव्हा तुम्ही फोनवर आधी शिव्या घातल्यात आणि मग म्हणालात, "पण बॉलिंग बघ पोराची." अहो, त्याच्या आदल्याच वर्षी मी त्याला इथं सीमारेषेला लागून बसून पाहिलाय. मुंबईकडून रणजी एकच सामना मिळाला, मग कॉर्नेलला शिकायला आला, ओरॅकलमध्ये नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळून खेळत राहिला. २२ जुलै २०२३, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, नऊ धावांत सहा बळी! मैदान आमचं. वेग काही फार नाही, पण चेंडू बॅटवर येतच नव्हता. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागनं सावकाश यायचा. तुम्ही असता तर दर चेंडूला "लाइन बघ, लाइन" करत शेजारच्याला हैराण केलं असतंत.

त्याच आठवड्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. फोन सारखा हातातच होता माझ्या. दाजींचा मेसेज आल्यावर मी निवांत बसलो, एवढंच सांगायचं होतं.

आता इथल्या लोकांची एक खोड सांगतो. आई, तू म्हणशील ह्याला काय झालंय, पण वाच. बेसबॉलमध्ये चेंडू प्रेक्षकांत गेला तर तो परत द्यायचा नसतो. ज्याच्या हाती लागला त्याचा. पंच खिशातनं दुसरा काढून देतो. दुसराही गेला तर तिसरा. मोठमोठे बाप्ये चामडी हातमोजा घालून प्रेक्षकांत बसतात, का, तर एखादा चेंडू आपल्याकडं येईल म्हणून. मोठ्या माणसानं झेलला तर त्यानं तो शेजारच्या पोराला द्यावा असा रिवाज आहे, नाही दिला तर लोक हुर्यो करतात. शिकागोत आणखी वेगळं, विरुद्ध संघानं फटका मारून पाठवलेला चेंडू तिथं रागानं मैदानात परत फेकतात. आणि अण्णा, हे ऐका. नवा चेंडू गुळगुळीत असतो, हातातनं सुटतो, म्हणून प्रत्येक सामन्याआधी एकेका चेंडूला चिखल चोळतात. साधासुधा चिखल नाही, डेलावेअर नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावरचाच. नेमका कुठून काढतात ती जागा गुप्त. एवढं लाडानं चिखल लावायचं आणि दोन-चार फेकींत तो चेंडू कुणाच्या तरी घरी जायचा. मी ऑफिसातल्या मित्राबरोबर डरहॅमला बेसबॉल बघायला गेलो तेव्हा सगळा वेळ चेंडूच मोजत बसलो. तो म्हणाला, तू खेळ बघ की. कॉर्कचा चेंडू विहिरीत पडला म्हणून तुम्ही मला दोरानं खाली सोडलं होतंत, आणि तेव्हा आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नव्हती, हे त्याला कसं सांगणार?

तर व्हायचं ते झालंच. आमच्या मैदानावर एक षटकार थेट कुंपणाबाहेर गेला आणि एका गोऱ्या पोरानं चेंडू उचलून छातीशी धरला. त्याच्या बापानं पाठ थोपटली. सुरक्षारक्षक मागायला आला तर बाप म्हणतो, का म्हणून? मग आम्ही चार-पाच देशी लोकांनी त्याला समजावलं की बाबा, हा जुना होणं हाच अर्धा खेळ आहे, एक बाजू चकचकीत ठेवायची, एक झिजू द्यायची, नवा आणला तर सगळं बिघडतं. त्यानं सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोराला आठवण म्हणून काय मिळणार?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. एकानं चिवड्याची पुडी दिली.

दुसरं, खुर्च्या. इथं माणूस खुर्ची घेऊन फिरतो. छत्रीसारखी घडी होते, खांद्याला अडकवायची पिशवी असते, गाडीच्या डिकीत ती कायम पडलेली. मीही घेतल्या. आई, फोटोत दोन कशा, हे तू विचारलंस. पुढं येतोय त्याकडं.

पहिल्या वर्षी संघाचं काही खास झालं नाही. मोझेस हेन्रिक्स कप्तान. पहिलाच सामना सिएटलकडून हरले, पुढं सावरले आणि बाद फेरीत न्यूयॉर्कनं घालवलं. त्याच न्यूयॉर्कनं करंडकही नेला. निकोलस पूरननं अंतिम सामन्यात ५५ चेंडूंत नाबाद १३७ मारल्या, तिथं कोण काय करणार. दुसऱ्या वर्षी मात्र पाँटिंग प्रशिक्षक म्हणून आला, स्टीव्ह स्मिथ कप्तान, शिवाय हेड, मॅक्सवेल, रचिन रवींद्र. स्मिथला ऑस्ट्रेलियानं टी-ट्वेंटी विश्वचषकाला घेतलं नव्हतं, तो राग त्यानं इथं काढला. २८ जुलै २०२४ ला अंतिम सामन्यात ५२ चेंडूंत ८८ आणि ९६ धावांनी विजय. मोसमात सगळ्यांत जास्त बळी नेत्रावळकरचे. मला तर पहिल्या वर्षाचा तो धडपडणारा संघच जास्त आवडायचा. मोठी नावं आली की आपण नुसते प्रेक्षक उरतो.

यंदा आमच्या गावाला एकही सामना दिला नाही. ओकलंड, ग्रँड प्रेरी आणि फ्लोरिडातलं लॉडरहिल, एवढंच. ओकलंडला पहिल्याच सामन्यात फिन ॲलननं आमच्या गोलंदाजांना १९ षटकार मारले, विश्वविक्रम! तेही बेसबॉलच्या मैदानावर, किती चेंडू परत आले देव जाणे. तिथून सावरून अंतिम फेरी गाठली आणि पुन्हा न्यूयॉर्ककडून पाच धावांनी हरलो. शेवटच्या षटकात रुशिल उगरकर नावाच्या पोरानं मॅक्सवेलला काढलं. बंटीनं मला निळ्या टोप्यांची किती चित्रं पाठवली असतील! त्याला म्हणावं, मामानं सगळी पाहिली, उत्तर पुढच्या जुलैत.

तर विसरलोय असं म्हणू नका.

आता पैशाचं. मनूच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स मी ह्या आठवड्यात पाठवतोय, दाजींकडून उसने घेऊ नका. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे थोडेच हप्ते राहिलेत, ते मी इथून भरतो, तुम्ही पेन्शनमधून परस्पर भरता ते बंद करा. बँकेतल्या माणसानं मला सांगितलंय, नाही म्हणू नका. मनूनं दागिन्यांत माझ्याकडं बघून हात आखडू नये. साखरपुड्याला मला येता येणार नाही. व्हिसाचा शिक्का घ्यायला मुंबईला तारीख मिळत नाही, आणि आलो आणि अडकलो तर नोकरीचं अवघड होईल. लग्नाला येण्यासाठी जिवाचं रान करतोय. येतोच असं लिहीत नाही, कारण मागं लिहिलं होतं. मनूला हे तुम्ही सांगू नका, मीच सांगतो.

मामांनी आणलेलं मिरजेचं स्थळ चांगलंच असणार, पण कृपा करून पुढं नेऊ नका. दुसरी खुर्ची मूळच्या नागपूरच्या एका मुलीची आहे. डरहॅमला हॉस्पिटलात संशोधनात असते. सहा बळींच्या त्या सामन्याला शेजारी बसली होती आणि चौथ्या बळीपर्यंत तिला लेग साइड कुठली ते माहीत नव्हतं. अजून ठरलेलं काही नाही, पण ठरेल असं दिसतंय. आईनं लगेच फोन करून जात विचारू नये, मी रविवारी स्वतः करतो. अण्णा, तुम्ही आधी हे दोनदा वाचा, मग तिच्या हातात द्या.

आत्याला नमस्कार, बंटीला आशीर्वाद. डोळ्यात ड्रॉप्स घालताय ना?

तुमचा,
बंडू

ता. क. बंटीच्या टी-शर्टचा साइज कळवा. मुंबईवाल्यांचा निळा मिळणार नाही, आमच्या संघाचा पाठवतोय.