दुःखाचा एकपात्री दहा मिनिटांत कोंबू नका

मा. संपादक,

एकपात्री स्पर्धांमध्ये हल्ली घरातला मृत्यू, नैराश्य, पॅनिक अटॅक असे स्वतःच भोगलेले विषय विनोदी अंगाने येऊ लागले आहेत. त्यांचे स्वागतच आहे. पण बऱ्याच संहितांचा साचा एकच: आठ मिनिटे हशा, दोन मिनिटे हुंदके आणि खाली बासरी. यात कलाकारापेक्षा वेळेच्या मर्यादेचा दोष मोठा. ऑस्ट्रेलियन विनोदी कलाकार हॅना गॅड्सबी यांनी ‘नॅनेट’ या एकपात्री प्रयोगात हे नेमके मांडले आहे. विनोदाला दोनच भाग पुरतात, उभारणी आणि तडाखा. गोष्टीला तिसराही लागतो, शेवट. स्पर्धेत हा तिसरा भागच कापला जातो आणि त्या जागी रडणे येते.

हसू मुळात दुःखातून निघत नाही, त्याच्या भोवतीच्या धावपळीतून निघते. दहाव्याचा घाट घ्या. कावळा पिंडाला शिवत नाही, म्हणून नातेवाईक एकेक करून हात जोडून आश्वासने देतात. धाकटीचे लग्न करू, हे पहिले. गावचा वाटा विकणार नाही, दुसरे. तिसऱ्या आश्वासनापर्यंत भटजींना पुढचा विधी गाठायचा असतो, ते दर्भाचा कावळा करायला घेतात. इथे नटाने आवाज बदलण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येकाच्या नजरेची उंची आणि दिशा पक्की करावी. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे 52 पात्रे एकट्याने उभी करत, नुसत्या घशावर ते जमणारे काम नाही. मग चौथे आश्वासन खरे द्यावे, हळू, आणि तीन-चार मात्रा थांबावे. तिथे संगीत घातले की प्रेक्षक सुटतो.

तासाभराच्या प्रयोगाला साडेसहा हजार शब्द पुष्कळ झाले, हशाला जागा हवी. पहिला हशा दोन मिनिटांत आला नाही, तर ‘इथे हसायचे की नाही’ या संकोचात प्रेक्षक शेवटपर्यंत अवघडून बसतो. चाचणी प्रयोग पंधरा-वीस अनोळखी लोकांसमोर करावा. नातेवाईक चुकीच्या जागी रडतात.

आजाराबद्दल लिहिताना विनोदाचा रोख रुग्णावर नको. सल्ले वाटणारे शेजारी, दवाखान्यातली रांग, ‘चार दिवस गावी जाऊन ये’ म्हणणारे काका यांच्यावर हवा. वेडाचे ठरावीक हातवारे आपल्या रंगभूमीने पुरेसे वापरून झाले. आत्महत्येचा उल्लेख असेल तर पद्धत, औषधाचे नाव, मात्रा काहीही सांगू नये. रंगमंच आणि पडद्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शिका हेच सांगते. प्रयोगाआधीच्या निवेदनात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यावा.

तालमीत त्याच वाक्याला दरवेळी गळा दाटत असेल, तर तो भाग अजून ओला आहे. तो बाजूला ठेवावा. दिग्दर्शकाने ‘हेच वापर’ म्हणू नये. जिवंत माणसांबद्दलचा मजकूर त्यांना आधी वाचून दाखवावा. प्रयोगानंतर प्रेक्षक आपापली दुःखे घेऊन विंगेत येतात, त्यांना भेटायला दुसरे कोणी उभे असावे. नटाला निदान पंधरा मिनिटे एकटे सोडावे.

आयोजकांना विनंती एवढीच, की अशा संहितांसाठी पंचवीस मिनिटांचा वेगळा गट ठेवावा आणि प्राथमिक व अंतिम फेरी एकाच दिवशी घेऊ नये.

– एकपात्री प्रयोगांचे दोन दिग्दर्शक, पुणे